धाब्याला कठडा नाही

त्या दिवशी अमळनेरच्या हॉलमध्ये
मी नेहमीसारखी धावले,
हात टेकले, पाय वर गेले, उसळले,
आणि दीड गिरकीच्या मध्यावर
हवा अनोळखी झाली.

छत कुठल्या बाजूला, जमीन कुठल्या,
हे गुडघे माझे की रांगेतल्या दुसऱ्या कुणाचे,
काहीच कळेना.
एवढंच कळलं की मी अजून वर आहे
आणि वर हा शब्दच
कुणीतरी उचलून नेलाय.

पडले ती जिनिंगमधून आणलेल्या
रद्दी कापसाच्या खड्ड्यात, खांद्यावर.
दोन दिवस केसांतून सरकीची टरफलं निघत होती.

शालिक सर म्हणाले, भीती आहे, धावत राहा.
आईनं मीठ-मोहरी ओवाळली, मिरच्या जाळल्या,
ठसका लागला नाही,
म्हणजे नजर होतीच, असं तिनं ठरवलं.
जळगावच्या डॉक्टरांनी कानात दिवा घातला.
कान ठीक आहेत, म्हणाले.
मग टेबलावरचा प्लॅस्टिकचा मेंदू उघडला,
कांदा फोडून दाखवावा तसा.
हा मागचा, मानेच्या वरचा, मुठीएवढा, लहान मेंदू.
तू उडायच्या आधीच हा तुझी गिरकी मांडून ठेवतो.
कानातल्या तीन कमानींत पाणी हलतं,
डोळे सांगतात, घोटे सांगतात,
आणि हा ताडून बघतो, हिशेब जुळतो का.
तुझ्याकडे सध्या
मोजणारे दोन झालेत.

दुसरा कोण, मी विचारलं.
त्यांनी पेन माझ्या कपाळाकडे केलं.

खरंच होतं. निवड चाचणीची तारीख आली
तेव्हापासून मी हवेत आकडे म्हणत होते.
पाव. अर्धी. पाऊण.
पाऊण म्हणेपर्यंत
जमीन येऊन पोचलेली असायची.

बाप धुडकू मिस्तरी.
त्याला मेंदूचं काही सांगितलं नाही.
त्याच्या पिशवीत पाणसळ असते,
काचेच्या नळीत हिरवट पाणी, त्यात एक बुडबुडा;
आणि पितळी ओळंबा,
लहानपणी मला तो भोवरा वाटायचा.
डबा द्यायला गेले होते, बोरीच्या पलीकडं.
अर्ध्या भिंतीवरून त्यानं ओळंबा सोडला.
तो डुलायला लागला. मी थांबवायला हात पुढे केला.
"त्याले हात नको लावू," बाप म्हणाला,
"तो आपला आपला थांबी जास."
आणि तंबाखू मळत बसला.
चिमूट ओठाखाली जाईस्तोवर
दोरी सरळ झाली होती.

मी इतक्या लवकर झाले नाही.
दोन महिने नुसत्या कोलांट्या,
सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत,
माझे गुडघे त्यांच्या खांद्यांना लागायचे.
एक पोरगी विचारायची, ताई, तू नापास झाली का?
चाचणीच्या दिवशी मी हॉल झाडला.
गाद्या उन्हात टाकल्या, उलट्या केल्या,
परत आत आणल्या.

मे महिन्यात आमच्या घरात
रात्रीसुद्धा भिंतीला हात लावता येत नाही.
सगळे धाब्यावर निजतो.
मिस्तरीचं घर, म्हणून धाब्याला कठडा नाही;
लोकांचे कठडे आधी.
पहाटे जाग आली तेव्हा मी अगदी कडेला होते.
वीतभर अंतर, मग खाली गल्ली,
हातगाडी, तिच्याखाली झोपलेलं कुत्रं.

सतरा वर्षं मी इथं कूस बदलत आलेय.
एकदाही पडले नाही.
रात्रभर कोण मोजत होतं?
डोळे मिटलेले, कपाळ झोपलेलं,
आणि तरी कुणीतरी अंधारात
धाब्याची कड हातात धरून बसलेलं.

मी मागे सरकले नाही.
तशीच पडून राहिले, डोळे मिटले.
कधीतरी कूस बदलली.
आतल्या बाजूला वळले होते,
हे ऊन तोंडावर आल्यावर कळलं.